कपाटातील पोथी आणि घरातील तीन पिढ्या

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



भगवान महावीरांचा २५०० वा निर्वाण महोत्सव १९७४-७५ या वर्षात देशभर साजरा झाला. पंचरंगी ध्वज आणि सर्व संप्रदायांना मान्य असलेले प्रतीक समाजाला मिळाले ते त्याच वेळी. आचार्य विनोबा भावे यांच्या प्रेरणेने ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सिद्ध झाला आणि दिगंबर-श्वेतांबर सर्वांनी तो एकमुखाने स्वीकारला, तेही त्याच काळात. त्या उत्साहाच्या लाटेत गावोगावी मंडळे, पाठशाळा आणि ट्रस्ट जन्माला आले. आज ज्याचा सुवर्णमहोत्सव होत आहे तो हा ट्रस्टही त्याच लाटेचे अपत्य आहे. तेव्हा ज्यांनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली ते आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे पुत्र कारभार पाहतात, आणि नातवंडे पुण्यात, बंगळुरात किंवा समुद्रापलीकडे आहेत.

पन्नास वर्षांत वास्तू उभ्या राहिल्या, ठेवी झाल्या, भांडी-सतरंज्या झाल्या. या सर्वांचे मोल आहेच. परंतु कोणत्याही सामाजिक कार्यक्रमात डोळे उघडे ठेवून पाहिले तर एक गोष्ट लपत नाही. पुढच्या खुर्च्यांवर ज्येष्ठ मंडळी बसतात, मधल्या भागात भोजनव्यवस्थेच्या चिंतेत असलेली मधली पिढी असते आणि तरुण मुले दाराजवळ मोबाइल हातात धरून उभी असतात. तीन पिढ्या एका छताखाली येतात, एका पंगतीत जेवतात आणि परस्परांशी एक वाक्यही न बोलता घरी जातात. यावर उपाय म्हणून व्याख्याने ठेवली जातात, ज्यांत तरुणांना संस्कारांचे महत्त्व सांगितले जाते. तरुण ती शांतपणे ऐकतात, कारण ते सुसंस्कृत आहेत. पण ऐकण्याने पिढ्या जवळ आल्याचे उदाहरण दुर्मीळ आहे. माणसे जवळ येतात ती एकाच कामाला हात लावल्याने, आणि त्यातही असे काम असावे की एकाजवळ जे आहे ते दुसऱ्याजवळ नाही. समाजाच्या सुदैवाने असे काम कोठे शोधावयास जाण्याची गरज नाही. ते मंदिराच्या कपाटात कुलूपबंद आहे, आजीच्या कंठात आहे आणि विधानाच्या मंडलात आहे.

प्रथम कपाटाकडे वळू.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी म्हणतात हे लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवसामागची कथा मात्र पुन्हा एकदा मन लावून ऐकण्याजोगी आहे. आचार्य धरसेन गिरनारच्या चंद्रगुंफेत राहत होते. वय झाले होते. आपल्याजवळचे आगमज्ञान आपल्याबरोबर लुप्त होईल ही चिंता त्यांना लागली. त्यांनी दक्षिणेकडील मुनिसंघाला पत्र पाठविले आणि दोन तरुण मुनी त्यांच्याकडे आले. धरसेनाचार्यांनी त्यांना लगेच पाठ दिला नाही. दोघांना एकेक मंत्र साधावयास दिला. एका मंत्रात एक अक्षर अधिक घातले होते आणि दुसऱ्यात एक अक्षर कमी ठेवले होते. साधना पूर्ण झाल्यावर ज्या देवता प्रकट झाल्या त्यांपैकी एकीचे दात पुढे आलेले होते आणि दुसरी एकाक्ष होती. देवतांचे रूप असे विकृत नसते, अर्थी मंत्रातच दोष असला पाहिजे, हे त्या दोघांनी ओळखले, व्याकरणाच्या आधारे मंत्र शुद्ध केले आणि मगच गुरूंपुढे उभे राहिले. गुरूंनी संतोषाने विद्या दिली. हेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली या नावांनी ओळखले गेले. पुष्पदंतांनी सत्प्ररूपणेची १७७ सूत्रे रचून जिनपालित या आपल्या शिष्याकरवी ती भूतबलींकडे पाठविली. पुष्पदंतांचे आयुष्य थोडे उरले आहे हे भूतबलींनी जाणले आणि उर्वरित ‘षट्खंडागम’ पूर्ण केला. चतुर्विध संघाने ज्या दिवशी त्या ग्रंथाची पूजा केली तो दिवस म्हणजे श्रुतपंचमी.

या कथेत वृद्ध आचार्यांनी तरुणांची परीक्षा घेतली ती पाठांतराची नव्हे. मुद्दाम चुकीचा पाठ देऊन, तो दुरुस्त करण्याचे धैर्य आणि ज्ञान त्यांच्याजवळ आहे काय, हे त्यांनी पाहिले. आजच्या वडीलधाऱ्यांपैकी किती जण नातवाने आपली चूक काढली तर संतोष मानतील, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरी विचारावा.

आता त्या दिवसाचे आजचे रूप पाहावे. चौरंगावर एखादा छापील ग्रंथ ठेवला जातो, पूजा होते, जिनवाणीची आरती होते, प्रभावना वाटली जाते आणि मंडळी घरी जातात. ज्या कपाटात जुन्या हस्तलिखित पोथ्या आहेत त्याचे कुलूप पुष्कळ ठिकाणी त्या दिवशीही उघडत नाही. वस्तुतः श्रुतपंचमीचा जुना आचार हा पोथ्या बाहेर काढण्याचा, झटकण्याचा, हवा देण्याचा आणि नव्या वेष्टनात बांधण्याचा होता. पूर्वजांची दृष्टी किती व्यवहारी होती हे तिथीवरूनच कळते. ज्येष्ठ शुद्ध पंचमी येते ती पावसाळ्याच्या तोंडावर. म्हणजे दमट हवा सुरू होण्यापूर्वी पोथी तपासून घट्ट बांधावयाची. श्वेतांबर बंधूंची ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीला येते. म्हणजे पावसाळा सरल्यावर ओल लागली आहे काय ते पाहावयाचे. एक पंचमी पावसाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. व्यापारी मंडळी कार्तिकातील त्याच पंचमीला लाभपंचमी म्हणून दुकानाचा मुहूर्त करतात. वहीची पूजा आणि पोथीची पूजा एका तिथीला यावी यात व्यापारी समाजाचा स्वभावच दिसतो. कीटक मारण्याची वेळच येऊ नये म्हणून आधीच स्वच्छता राखणे हा अहिंसेचाही सरळ मार्ग होता.

बऱ्याच मंदिरांच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये पंखे, समया, तांब्या-पितळेची भांडी यांची नगवार नोंद असते. घंटा किती किलोची तेही लिहिलेले असते. शेवटच्या पानावर कोठेतरी ‘जुने ग्रंथ, कपाट एक’ एवढाच उल्लेख सापडतो आणि त्यापुढे किंमत एक रुपया किंवा नुसती आडवी रेघ. हिशेबतपासनीस त्यावर आक्षेप घेत नाहीत, कारण ताळेबंदाला त्याने काही फरक पडत नाही. परंतु ज्या मालाचे नग मोजलेले नाहीत तो माल कमी झाला तरी कळत नाही, हे पेढीवर बसणाऱ्या माणसाला शिकवावे लागत नाही. पोथ्यांची यादी करणे हे पहिले काम आहे आणि ते एकट्या पिढीच्या हातून होणारे नाही.

याचे कारण पोथीच्या लिखाणातच आहे. जुन्या पोथीत शब्दाशब्दांत अंतर सोडलेले नसते. ओळ एका दमात सलग चालते. कित्येक पोथ्यांत एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर नसून अक्षराच्या आधी उभ्या रेघेसारखी येते. तिला पडीमात्रा म्हणतात. नव्या डोळ्यांना ती काना वाटते आणि शब्दाचा अर्थच फिरतो. शाळेत इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मुलाला हे एकट्याने वाचता येणार नाही. उलट ज्या आजोबांनी लहानपणी पंडितजींच्या पुढे बसून स्तोत्रे पाठ केली त्यांना अर्धा शब्द दिसला तरी पुढचा आठवतो. पण त्यांची नजर मंद झाली आहे, आणि यादी संगणकावर उतरविणे त्यांच्या आवाक्यातले नाही. नातवाने मोबाइलवर पानाचे छायाचित्र घेऊन अक्षर मोठे करून दाखवावे, आजोबांनी वाचावे, नातवाने टंकित करावे. या व्यवहारात कोणी कोणावर उपकार करीत नाही.

आणि वाचू लागले की गंमतही पुष्कळ सापडते. मराठीत एखाद्या गोष्टीवर ‘हरताळ फासणे’ असा वाक्प्रचार आहे. त्याचा उगम मुलांना विचारला तर बहुतेक जण बाजार बंद ठेवण्याशी तो जोडतात. पोथीत तो उगम डोळ्यांनी पाहावयास मिळतो. लेखनिकाचे अक्षर चुकले की तो खाडाखोड करीत नसे. त्या अक्षरावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देई आणि वरून शुद्ध अक्षर लिही. जुन्या पानांवर ते पिवळे डाग आजही स्पष्ट दिसतात. हरताळ विषारी द्रव्य आहे, त्यामुळे पाने हाताळल्यावर हात धुवावेत आणि बोट जिभेला लावून पान उलटण्याची सवय पोथीपुरती तरी सोडावी, हेही त्याच वेळी मुलांना सांगता येते.

पोथीचे शेवटचे पान सर्वांत आधी वाचावे. तेथे लेखनिकाची प्रशस्ती असते. शक आणि संवत, तिथी, गाव, कोणत्या भट्टारकांच्या आम्नायात, कोणी लिहिली, कोणी लिहवून घेतली आणि कोणास दान दिली, हे सर्व तेथे मिळते. पुष्कळदा दान देणारी एखादी श्राविका असते. व्रताचे उद्यापन करताना तिने शास्त्रदान म्हणून पोथी लिहवून घेतलेली असते. घराण्याच्या वंशावळीत ज्या स्त्रियांची नावे कधीच आली नाहीत त्या येथे स्वतःच्या नावाने उभ्या असतात. लेखनिकही मनुष्यच असतो; पाठ, कंबर आणि मान मोडून, नजर एकटक लावून हे लिहिले आहे, तेव्हा तेल-पाण्यापासून आणि मूर्खाच्या हातापासून हिला जपा, अशी विनवणी तो शेवटी करतो. ही विनवणी ज्या मुलाने स्वतः अक्षर लावून वाचली तो पुढे पोथी निष्काळजीपणे हाताळणार नाही.

हा वारसा केवळ संस्कृत-प्राकृताचा आहे असे समजण्याचे कारण नाही. मराठी भाषेत जैन कवींची परंपरा पंधराव्या शतकापर्यंत मागे जाते. गुणदासांनी ‘श्रेणिकचरित्र’ ओवीत रचले. तेच पुढे मुनिदीक्षेनंतर गुणकीर्ती झाले आणि त्यांनी ‘धर्मामृत’ हा श्रावकांसाठीचा ग्रंथ मराठी गद्यात लिहिला. जिनदासांचे ‘हरिवंशपुराण’ अपूर्ण राहिले ते पुण्यसागरांनी पूर्ण केले. एकाने आरंभिलेले काम दुसऱ्याने शेवटास न्यावे ही रीत आपल्या ग्रंथपरंपरेत किती सहज होती पाहा. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातील दहिगावचे क्षेत्र ज्यांच्या नावाशी निगडित आहे ते ब्रह्म महतीसागर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मले आणि त्यांनी मराठीत अभंग व आरत्या रचल्या. डॉ. विद्याधर जोहरापूरकर आणि डॉ. सुभाषचंद्र अक्कोळे यांनी हे मराठी जैन साहित्य परिश्रमपूर्वक उजेडात आणले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा दिला तेव्हा अनेकांनी पेढे वाटले. ज्या समाजाच्या कपाटात या दोन्ही भाषांच्या पोथ्या शेजारी शेजारी बांधून ठेवल्या आहेत त्याने पेढ्यांबरोबर कपाटाची किल्लीही शोधावयास हवी होती.

एखादा म्हणेल, हे विद्वानांचे काम आहे, दुकानदारांच्या समाजाने त्यात काय करावे? त्याला इतिहासानेच उत्तर दिले आहे. ‘षट्खंडागमा’वरील वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका इ.स. ८१६ मध्ये पूर्ण झाली. पुढे कित्येक शतके ती मूडबिद्री येथे जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रांवर राहिली. तिचे दर्शन होई, वाचन होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी या व्यापाऱ्यांनी तिची प्रत करून घेण्याचा ध्यास घेतला. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे नाव जहाजांमुळे आणि विमानांमुळे सर्वांस माहीत आहे. त्यांचे हे वडील मात्र विस्मरणात गेले आहेत. १८९६ मध्ये मूडबिद्रीस लेखनकार्य सुरू झाले आणि ते अखंड नसले तरी १९२२ पर्यंत, म्हणजे सुमारे २६ वर्षे चालले. मिरजेचे गजपती उपाध्याय यांनी देवनागरी प्रत केली. ती प्रत मूडबिद्रीबाहेर जाणार नव्हती. तेव्हा त्यांनी गुप्तपणे एक कन्नड प्रतही तयार केली, आणि त्या कामात मुख्य हात त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांचा होता. या ग्रंथाचे पठनपाठन सर्वत्र व्हावे ही त्या माउलीची तळमळ होती. गुप्तपणे प्रत करणे योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकेल, पण त्या प्रतीमुळेच धवला बाहेर आली. त्या प्रतीपासून पुढच्या प्रती झाल्या आणि १९३९ मध्ये अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला भाग छापून प्रसिद्ध केला. संपूर्ण सोळा भाग निघावयास आणखी दोन दशके गेली.

याच सोलापुरात ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती ग्रंथकार्यास वाहिली. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेत १९४३ मध्ये ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग निघाला. आचार्य शांतिसागर महाराजांना आगमाची ताडपत्रे कीड खात असल्याचे समजले तेव्हा त्यांनी ते ग्रंथ ताम्रपत्रांवर कोरून घेण्याची प्रेरणा दिली आणि फलटण येथे ते कार्य झाले. १९५५ मध्ये कुंथलगिरीवर महाराजांची सल्लेखना झाली. त्यापूर्वी अखेरच्या वर्षांत त्यांच्या मनात जी चिंता होती ती धरसेनाचार्यांच्याच जातीची होती. या सर्वांत पंडित होते, मुनी होते, तसेच पेढीवर बसणारे आणि चूल सांभाळणारेही होते.

आता मंडलाकडे येऊ. कपाटाची गोष्ट वर्षातून एकदा येते, विधाने मात्र वारंवार होतात. अष्टान्हिकेत सिद्धचक्र विधान होते. त्याचे अर्घ्य पहिल्या दिवशी ८, दुसऱ्या दिवशी १६, मग ३२, ६४, असे दररोज दुप्पट होत आठव्या दिवशी १०२४ वर पोहोचते. एकूण २०४०. त्या प्रमाणात मंडलाची वलये आणि कोठे आखावे लागतात. पूर्वी आदल्या रात्री मंदिरात दहा-पंधरा माणसे बसत. तांदूळ रंगविण्याचे काम स्त्रियांकडे असे, दोरी धरून वर्तुळ काढण्याचे काम एखाद्या जाणत्याकडे, आणि कोठे मोजण्याचे काम मुलांकडे. मुले मोजण्यात चुकत, रागावून घेत, पुन्हा मोजत. मध्यरात्रीपर्यंत जुन्या पंचकल्याणकांच्या गोष्टी निघत. आज बाजारात छापील फ्लेक्सचे मंडल मिळते. ते पाच मिनिटांत पसरले जाते, रंग झगझगीत असतात, रेघ वाकडी होत नाही आणि खर्चही बेताचा असतो. यात पापपुण्याचा प्रश्न नाही. ज्या गावी माणसेच उरली नाहीत तेथे ती सोयच आहे. पण ज्या शहरात समाजाची शेकडो घरे आहेत तेथे फ्लेक्सने वाचविलेला वेळ कोठे गेला याचा हिशेब मांडावा. ती रात्र गेली आणि तिच्याबरोबर तीन पिढ्यांची बैठक गेली. पूजेची पवित्रता कापडाच्या वा प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर अवलंबून नसेलही, पण हाताने मांडलेल्या मंडलाभोवती जी माणसे बसलेली होती ती छपाईत येत नाहीत. ट्रस्टने वर्षातील एक तरी विधान हाताने मांडलेल्या मंडलावर करावे आणि त्याचे नेतृत्व बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींकडे द्यावे. दुप्पट होत जाणाऱ्या संख्येचे गणित त्यांना शाळेत नीरस वाटत असेल. येथे त्यांना कळेल की एक कोठा चुकला तर शेवटच्या दिवशी अर्घ्य आणि कोठे यांचा मेळ बसत नाही.

गाण्यांची बाब अधिक नाजूक आहे, कारण पोथी पन्नास वर्षे कपाटात राहिली तरी राहते, गाणे तसे राहत नाही. महावीर जन्मकल्याणकाचा पाळणा, व्रतकथांची गाणी, आहाराच्या वेळची पदे, जात्यावरच्या ओव्या, ही कोणी लिहून ठेवली नाहीत. या परिसरातील समाज एका बोलीचा नाही. सैतवाळ घरांत मराठी, हुमड घरांत गुजराती, चतुर्थ-पंचम घरांत मराठीबरोबर कन्नड, खंडेलवाल घरांत मारवाडी अशी सरमिसळ आहे. सुना माहेरची गाणी घेऊन आल्या आणि ती सासरच्या भाषेत मिसळली. त्यामुळे एका पाळण्यात दोन भाषांची कडवी सापडणे नवलाचे नाही. हा मेळ कोणत्याही छापील भजनसंग्रहात नाही. आजच्या भजनसंग्रहात बहुतांशी चित्रपटांच्या चालींवर बांधलेली गीते असतात. तरुणांना ती गोड वाटतात हेही खरे, पण त्यांचे मूळ दुसऱ्याच्या अंगणात आहे.

ही गाणी ध्वनिमुद्रित करणे आता अत्यंत सोपे आहे. प्रत्येक घरात यंत्र आहे. अडचण यंत्राची नाही. आजीला ‘गा’ म्हटले की ती लाजते, आवाज राहिला नाही म्हणते. तिच्या मैत्रिणी शेजारी बसवाव्यात, हातात काही काम द्यावे, तांदूळ निवडावयास द्यावेत. मग एक ओळ एकीला आठवते, दुसरी दुसरीला. मुद्रण करताना गाणारीचे नाव, माहेरचे गाव, गाणे कोणाकडून शिकले आणि कोणत्या प्रसंगी म्हणत, एवढे तिच्याच तोंडून आधी वदवून घ्यावे. हे नसेल तर वीस वर्षांनी केवळ एक अनामिक आवाज हाती राहील. ज्या शब्दाचा अर्थ नातीला कळत नाही तेथे तिने थांबवून विचारावे. त्या विचारण्यातूनच संभाषण सुरू होते. आणि खरे सांगावयाचे तर ध्वनिमुद्रणापेक्षा त्या संभाषणाची गरज घराला अधिक आहे.

यावर एक व्यवहारी सूचना वारंवार पुढे येते. एखाद्या संस्थेला पैसे देऊन सर्व पोथ्यांची दोन दिवसांत संगणकीय प्रत करून घ्यावी, म्हणजे प्रश्न मिटला. संगणकीय प्रत अवश्य व्हावी. केंद्र शासनाने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले त्यामागेही तोच हेतू होता. परंतु बाहेरची माणसे आली, छायाचित्रे काढून गेली आणि चकती कपाटात पोथीशेजारी जाऊन बसली, असे झाले तर कुलूपबंद वस्तूंत आणखी एकीची भर पडेल. छायाचित्रे घरच्या मुलांनी काढावीत, तज्ज्ञांनी त्यांना शिकवावे. तज्ज्ञांची गरज मुख्यतः काय करू नये हे सांगण्यासाठी आहे. पोथीचे पान उन्हात वाळवू नये, सावलीत हवा द्यावी. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. भक्तीच्या भरात कोणी पाने लॅमिनेट करवून आणतात. त्यासारखे अहित दुसरे नाही, कारण एकदा उष्णतेने प्लॅस्टिक चिकटले की ते पान पुन्हा मोकळे होत नाही. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवावी, पानांत नव्हे.

परगावी असलेल्या तरुणांचे काय, असाही प्रश्न आहे. श्रुतपंचमी बहुधा मे-जूनमध्ये, शाळांच्या सुट्टीत किंवा सुट्टी संपता संपता येते. ज्या वर्षी अधिक मास आल्याने ती पुढे जाते त्या वर्षी यादीचे काम सुट्टीतच उरकून पूजा तेवढी तिथीला करावी. जे येऊ शकत नाहीत त्यांना पानांची छायाचित्रे पाठवून वाचनाचे काम वाटून देता येते. अमेरिकेतील नातू रात्री जागून एका प्रशस्तीचे अक्षर लावतो आणि सकाळी आजोबांना दूरध्वनी करून ‘हा शब्द काय असेल?’ असे विचारतो, ही कल्पना अशक्य कोटीतील नाही. आज त्या दोघांत प्रकृती आणि हवामान यांपलीकडे बोलावयास विषय नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

विश्वस्तांकडून यासाठी फार मोठी तरतूद नको. एक कोरडी, उजेडाची खोली हवी. कपाटाची किल्ली एकाच्या कनवटीला न राहता तिघांच्या जबाबदारीत असावी आणि त्या तिघांत एक जण तिशीच्या आतला असावा. पोथ्यांना क्रमांक घालून त्यांची यादी डेडस्टॉक रजिस्टरला जोडावी आणि तिची एक प्रत ट्रस्टच्या कायम दफ्तरात ठेवावी.

राहिला वेष्टनांचा प्रश्न, आणि येथे कापडाच्या पेठेत असलेल्या समाजाने चूक करणे शोभणार नाही. दान देताना भारी कापड द्यावे या भावनेने पोथ्यांना साटीन, नायलॉन आणि जरीकाठाची वेष्टने बांधलेली दिसतात. नायलॉन हवा खेळू देत नाही, जर टोचते, आणि स्वस्त लाल रंग ओल लागली की पानावर उतरतो. पोथीला उत्तम कापड म्हणजे साधा सुती मांजरपाट. तो कोरा वापरू नये. गिरणीच्या कापडाला खळ असते आणि खळ ही कसरीची मेजवानी आहे. गरम पाण्यात दोन वेळा धुऊन, खळ पूर्ण काढून, सावलीत वाळवून मगच बेतावा. रंगीत हवेच असेल तर पक्क्या रंगाचे कापड घेऊन ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. फडक्यावर डाग आला तर ते कापड दुसऱ्या कामास ठेवावे. मध्यम पोथीला सव्वा हात पन्ह्याचा चौकोन कमी पडतो, दोन हात म्हणजे ९० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पुरतो. कडा हातशिलाईने दुमडाव्यात, कारण हे काम आजींना येते आणि नातींना शिकता येते. नाडी सुतीच लावावी आणि गाठ पोथीच्या पाठीवर न येता फळीच्या कडेला येईल अशी बांधावी. ९० सेंटिमीटर पन्ह्याच्या २० मीटर ताग्यात अशी २२ वेष्टने निघतात. धुतल्यावर कापड आटते, म्हणून २१ धरावीत. कपाटात पोथ्या किती आहेत ते मोजले की तागे किती लागतील ते सांगता येईल. म्हणून आधी मोजणी.